बिनकामाची मेंढरं

"धीर किती दिवसांत येतो, बाबा?"

कोंडिबाबा ओसरीवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुला कवा पायजे?"

"सोमवारपर्यंत रजा आहे माझी."

बाबांनी एक घाटा सोलला, दाणे ताटलीत टाकले. मग दुसरा घेतला.

"नाव काय म्हनलास?"

"धैर्यशील."

बाबांच्या पांढऱ्या मिशीखाली काहीतरी हललं.

कानोळी गावाच्या वर, बिरोबाच्या देवळाशेजारी दगडाची एक खोली आहे. तिथे कोंडिबाबा राहतात. चाळीस वर्षं ते मेंढरं घेऊन चालले. माणदेशातून कोकणात आणि कोकणातून परत माणदेशात. पाय थकले तेव्हा कळप पुतण्याला दिला आणि ते देवाजवळ येऊन बसले. तेव्हापासून लोक प्रश्न घेऊन डोंगर चढतात. जमीन वाटपाचे, सोयरिकीचे, मनात साचलेल्या रागाचे.

धैर्यशील पाटणकर पुण्याहून पाच तास गाडी चालवत आला होता तो एका खेळापायी.

हे सांगायला त्याला लाज वाटत होती. अडतिसाव्या वर्षी माणूस खेळाचं दुखणं घेऊन साधूकडे जातो का... पण दुखणं होतं, आणि ते नुसतं खेळाचं नव्हतं.

"धीर गेलाय ह्ये कशावरनं वळखलंस?" बाबांनी विचारलं.

मग त्याने सगळं सांगितलं.

कराडला इंजिनिअरिंगला असताना वसतिगृहात तो आणि दस्तगीर एका खोलीत राहायचे. दस्तगीर मुलाणी, ह्याच कानोळी गावचा; बाबांचं नाव त्याच्याकडूनच ऐकलेलं. त्याच्याकडे एक जुना संगणक होता आणि त्या संगणकावर एक लांबलचक खेळ होता. एक योद्धा, एक मोठा मुलूख, शेकडो गावं, हजार माणसं. दोघं त्या खेळाला 'मोहीम' म्हणायचे.

संगणक एक आणि खेळणारे दोन. म्हणून त्यांनी वाटणी केली. दस्तगीर कीबोर्डवर बसायचा आणि योद्ध्याला चालवायचा. माऊस धैर्यशीलकडे. त्याने मान वळवायची, इकडेतिकडे बघायचं, तलवार चालवायची.

चालणं एकाचं आणि बघणं दुसऱ्याचं.

दस्तगीरचे कान मात्र विलक्षण. झाडीत काही खुसपुसलं की धैर्यशील ओरडायच्या आधी तो शांतपणे सांगायचा, "उजवीकडे, खाली." आणि तिथे खरंच कोणीतरी दबा धरून बसलेलं असायचं.

त्या एका सत्रात त्यांनी एकशे चाळीस तास मोहीम केली. दोघांचेही दोन दोन विषय राहिले. त्याचं दोघांनाही कधी वाईट वाटलं नाही.

"मग?" बाबा म्हणाले.

"मग पंधरा वर्षं गेली."

दस्तगीर मिरजेला एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळायला लागला. धैर्यशील पुण्यात मोठा साहेब झाला. गोदामात ट्रकमध्ये माल भरायला लागणारी मिनिटं कमी करायची, हे त्याचं काम. चाळीस मिनिटांची त्याने बावीस केली होती. बावीसची अठरा करायची होती.

हळूहळू ते काम अंगात भिनलं. क्रिकेटचा सामना तो आता फक्त चौकार-षटकारांपुरता बघायचा. आईचा आवाजी निरोप आला तरी दुप्पट वेगाने ऐकायचा. खेळ मात्र विकत घ्यायचा, मोठमोठे, शंभर शंभर तासांचे. दोन वर्षांत अकरा घेतले. एकातही पहिल्या गावाच्या वेशीबाहेर तो पडला नाही. वीस मिनिटं झाली की बोटं वळवळायला लागायची. पुढे काय... पुढे काय... आणि मग बंद.

अशात मोहिमेचा दुसरा भाग आला.

धैर्यशीलने त्याच दिवशी दस्तगीरला फोन केला. दस्तगीरने चार दिवस रजा टाकली आणि मिरजेहून एसटीने पुण्याला आला, सोबत आईने गावाहून पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू घेऊन. भिंतभर टीव्ही, नवा सोफा, सगळा जामानिमा होता. दोघंही पहिल्या दृश्याला लहान मुलांसारखे सरसावून बसले.

"पहिलं गाव लागलं," धैर्यशील म्हणाला. "दस्तगीर प्रत्येक घरात शिरायला लागला. भेटेल त्याच्याशी बोलायला लागला. मी फोनवर बघितलं, खेळ संपायला किती लागतात. एकशे दहा तास. गावाबाहेर एक म्हातारी उभी होती, तिच्यापाशी हा थांबला. मी म्हटलं सोड, पुढे चल. तो म्हणाला, हिचं ऐकू दे. मी त्याच्या हातातून कंट्रोलर ओढून घेतला आणि..."

"आन्?"

"तिचं बोलणं बटण दाबून उडवलं."

ओसरीसमोरच्या बाभळीवर होले घुमत होते. बाबा घाटे सोलायचे थांबले होते.

"तो म्हणाला, तुला जायचंय कुठं? मी म्हटलं, संपवायचंय. तो म्हणाला, मग मला कशाला बोलावलंस? मी म्हटलं, तुझ्याकडे वेळच वेळ आहे दस्तगीर. माझ्याकडे नाही."

बाबांनी पुढचा घाटा उचलला.

"सकाळी उठलो तर तो गेला होता. लाडवांचा डबा टेबलावर होता. घरी फोन केला तर त्याची बायको म्हणाली, उरलेली रजा काढायला आईकडे गेलेत, गावाला."

"म्हंजी ह्ये खालचंच घर," बाबा म्हणाले. त्यांनी हाताने दाखवलं. डोंगराच्या पायथ्याला कौलारू घर, दारात शेवगा.

"हो."

"मग तकडं जायाचं सोडून वर कसा आलास?"

"असंच कसं जाऊ?" धैर्यशील म्हणाला. "आधी धीर कमवतो. मग त्याच्यासमोर उभा राहतो. म्हणून खेळाचं यंत्र घेऊन आलोय, टीव्हीशिवायही चालतं. इथे शांत आहे. इथे बसून पहिलं गाव नीट पार करतो, एकही माणूस न सोडता. मग खाली जाऊन सांगतो की बघ, सुधारलो."

त्याच्या बोलण्यात गोदामातला साहेब होता. बाबांनी तो ऐकला.

त्यांनी ताटली बाजूला सारली, धोतराला हात पुसले.

"बगू."

धैर्यशीलने पिशवीतून हातात मावणारं ते यंत्र काढलं. मधे काच, दोन्ही बाजूंना अंगठ्याने फिरवायच्या इवल्याशा दांड्या. त्याने खेळ सुरू केला. काचेत एक हिरवा मुलूख उजळला. टेकड्या, धूर निघणारी घरं, वाऱ्यावर लवणारं गवत.

बाबा पुढे वाकले. आणि वाकलेले तसेच राहिले.

"ह्यो कुनाचा मुलूख?"

"कुणाचाच नाही. खोटा आहे."

"गवत चांगलं हाय."

धैर्यशीलने दाखवलं. डाव्या दांडीने माणूस चालतो, उजवीने मान वळवतो. बाबांनी यंत्र घेतलं. उजव्या हाताचा अंगठा त्यांनी वर करून दाखवला. तो कधीतरी मोडून तसाच जुळला होता, वाकत नव्हता.

"ह्यो कामाचा न्हाय. ती बाजू तू धर."

दोघं खांद्याला खांदा लावून बसले. डावी बाजू बाबांच्या हातात, उजवी ह्याच्या. बाबांनी दांडी जराशी ढकलली. काचेतला योद्धा एक एक पाऊल टाकत चालायला लागला.

"जोरात ढकला बाबा, म्हणजे पळेल."

"कशापायी? कोन मागं लागलंय?"

धैर्यशीलच्या बोटांत वळवळ सुरू झाली. पण पाय त्याच्या ताब्यात नव्हते. फक्त डोळे होते. काही करायला नाही म्हणून तो बघायला लागला.

गाव मागे पडलं. गावाबाहेर तीच म्हातारी उभी होती, काठीला टेकून. तिच्यामागे माळ होता आणि माळावर पांढरे ठिपके.

बाबांचा अंगठा दांडीवरच थांबला.

"मेंढरं..."

"हो, शोभेची असतात ती."

"ती म्हातारी काय म्हनती?"

धैर्यशीलने बटण दाबलं. म्हातारी इंग्रजीत बोलली. ह्या वेळी त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि बाबांना मराठीत सांगितलं. "म्हणतेय, गुडघे गेले माझे. टेकडीपलीकडे लांडगा ओरडतोय. दिवस बुडायच्या आत मेंढरं आत घालायला हवीत, पण मला एकटीला होत नाही आता."

बाबा उठून उकिडवे बसले.

"चल."

"बाबा, हे कामांच्या यादीत नाहीये. नकाशावर खूण नाही. ह्याचं आपल्याला काहीच मिळत नाही."

"म्हातारीला मिळंल की."

धैर्यशीलने उजवी दांडी माळाकडे वळवली.

सतरा मेंढरं होती. बाबांनी ती एका नजरेत मोजली, ह्याने तीनदा मोजली तेव्हा आकडा जुळला. माळाच्या कडेला मेंढरं कोंडायचं लाकडी वाडगं होतं, त्याचं फाटक उघडं. बाबा कळपाला लांबून वळसा घालायला लागले. पाऊल पाऊल. योद्धा जवळ गेला की मेंढरं दोन पावलं सरकायची आणि पुन्हा चरायची.

धैर्यशीलला आठवलं, परवा तो ह्याच माळावरून धावत गेला होता. ठिपके चारी दिशांना उधळले होते. त्याला वाटलं होतं, हे बिनकामाचं आहे सगळं.

"मागं बग," बाबा म्हणाले.

त्याने मान वळवली. दोन मेंढरं ओढ्याकडे निघाली होती.

"दोन फुटली, बाबा. डाव्या बाजूला."

"बगत ऱ्हा त्यांच्याकडं. डोळा काढू नगं."

बाबा वळले. योद्धा ओढ्याच्या अंगाने गेला, थांबला, अर्धं पाऊल पुढे टाकलं. मेंढरं मुकाट माघारी फिरली. बाबांनी टाळूला जीभ लावून टक् टक् आवाज काढला. काचेतल्या मेंढरांना तो ऐकू जायचं काही कारण नव्हतं. तरी त्यातल्या एकीने मान वर केली असं धैर्यशीलला वाटलं, आणि त्याच्या अंगावर काटा आला.

पाच आत गेली. मग तीन. मग एक काळ्या तोंडाची फाटकापाशी अडून बसली.

"हिला हानू नगं. हिच्या मागली पुढं घे. ती गेली की ही जाती."

तसंच झालं. धैर्यशील मोठ्याने हसला. असं हसू त्याला कितीतरी दिवसांत फुटलं नव्हतं.

काचेतलं ऊन तांबडं झालं. गवताच्या सावल्या लांबल्या. बारा आत होती, पाच बाहेर. आणि टेकडीच्या माथ्यावर एक करडी आकृती येऊन उभी राहिली.

"बाबा..."

"बगितलं."

धैर्यशीलचा अंगठा तलवारीच्या बटणावर गेला.

"थांब. तलवार काढलीस तर मेंढरं बिथरतील. त्याच्या आन् मेंढरांच्या मधी हुबा ऱ्हायचं. बास."

"नुसतं उभं राहायचं?"

"त्याला दिसंल असं."

बाबांनी योद्ध्याला नेऊन मधे उभा केला. धैर्यशीलने लांडग्यावर नजर रोखली. लांडगा उतरत आला. पन्नास पावलं. तीस. वीस. मग तो गवतात खाली बसला आणि बघत राहिला.

काचेत काहीच घडत नव्हतं आणि धैर्यशीलला पापणी मिटवत नव्हती. एकशे चाळीस तासांत त्याने शेकडो राक्षस मारले होते. एवढं त्याचं काळीज कधी उडालं नव्हतं.

लांडगा उठला. वळला. टेकडीआड गेला.

दोघांनीही एकदम श्वास सोडला.

"गेला?"

"न्हाय," बाबा म्हणाले. "लांडगा असा जात न्हाय. फिरून येतो."

आणि खरंच, कुठूनतरी एक लांब हुंकार आला. एक नाही, दोन. धैर्यशीलने मान भराभर फिरवली. डावीकडे माळ, उजवीकडे माळ, अंधारत चाललेला.

"कुठून येतोय आवाज? बाबा, कुठून येतोय?"

"माजं कान गेलं, लेकरा. असला बारीक आवाज मला ऐकूच यीना."

मग धैर्यशीलने जे केलं ते त्याने ठरवून केलं नव्हतं. एका हाताने त्याने खिशातला फोन काढला, नंबर लावला आणि फोन यंत्राच्या अगदी जवळ धरला. पलीकडे फोन उचलल्याचा आवाज झाला.

"दस्तगीर, ऐक. कुठून येतोय सांग."

हुंकार पुन्हा आला. बारीक, लांबलेला.

पलीकडे शांतता होती. दोन दिवसांची शांतता होती ती. मग दस्तगीरचा आवाज आला, वसतिगृहात यायचा तसाच, शांत.

"मागून. डाव्या अंगाला, वर."

धैर्यशीलने झटकन मान वळवली. करड्या पाठी गवतातून सरकत होत्या, दोन, थेट मेंढरांकडे.

"आहेत. दोन आहेत. बाबा, मागे, डावीकडे."

बाबा वळले. योद्धा एक एक पाऊल टाकत आडवा आला. लांडगे थबकले. मेंढरं फाटकाकडे सरकली. एक आत गेली. दुसरी गेली.

"चौदा," दस्तगीरला ऐकू जाईल अशा बेताने धैर्यशील म्हणाला. "तीन बाहेर."

"लांडगे?"

"बसलेत. बघतायत."

"हलू नको."

"नाही हलत."

आणि काच काळी झाली.

त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काचेत फक्त त्याचा स्वतःचा चेहरा होता आणि शेजारी बाबांची पांढरी मिशी.

"बॅटरी गेली," तो म्हणाला.

बाबांनी काळ्या काचेवर बोट टेकवलं.

"आता मेंढरं कुटं?"

"तिथेच, बाबा. थांबलीत."

"आन् लांडगा?"

"तोही थांबलाय. यंत्र चालू केलं की सगळं तिथूनच पुढे."

"गुनाचा लांडगा," बाबा म्हणाले.

बाहेर ऊन उतरणीला लागलं होतं. तो आला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. धैर्यशीलने घड्याळ बघितलं आणि त्याला क्षणभर ते वाचताच येईना. अडीच तास गेले होते. ते गेलेले त्याला कळलंच नव्हतं.

फोनवर दस्तगीर अजून होता.

"बंद पडलं?"

"पडलं."

"चार्जर?"

"पुण्यात राहिला. दस्तगीर..."

"तू आहेस कुठं? वाऱ्याचा आवाज येतोय."

"वर. कोंडिबाबांपाशी."

पलीकडे बाजेवरून कोणीतरी उठल्याचा आवाज झाला. धैर्यशीलने खाली पाहिलं. कौलारू घराच्या दारात शेवग्याखाली एक माणूस येऊन उभा राहिला होता. कानाला फोन, मान वर केलेली.

गाडीत पाच तास घोकलेलं एक वाक्य धैर्यशीलजवळ होतं. त्याने ते काढायचा प्रयत्न केला. पण शब्द सगळे पुढेमागे झाले.

"परवा मी तुला जे बोललो... वेळेचं... ते मी..."

"ते इथं येऊन बोल," दस्तगीर म्हणाला. "माझ्या फोनचा चार्जर लागतो त्याला. तीन मेंढरं बाहेर आहेत."

फोन बंद झाला. खालचा माणूस मात्र तिथेच उभा होता.

धैर्यशील ताडकन उठला. यंत्र पिशवीत कोंबलं, एक बूट घातला, दुसरा घालताना तोल गेला. मग तसाच एका पायावर थबकला. दुपारपासून ज्यासाठी तो इथे बसला होता ते त्याला आठवलं.

बाबा पुन्हा घाटे सोलायला लागले होते.

"बाबा."

"काय रं?"

"आलो होतो धीरासाठी. तो काही अजून आला नाही. उलट आता तर एक क्षण थांबवत नाहीये मला. असाच खाली जाऊ का... आधी थोडा वेळ इथे बसू, मन जरा जाग्यावर येईपर्यंत?"

कोंडिबाबांनी घाटा सोलला, दाणे ताटलीत टाकले आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं.

"धीर धरू नगं," ते म्हणाले. "पळ."